उत्तराभिमुख गेंडा

गेंड्याचं डोकं बसत नव्हतं, एवढंच खरं तर या प्रकरणाचं सार आहे. पण आमच्या इमारतीत कुठल्याही गोष्टीचं सार कुणी ऐकून घेत नाही. दुसऱ्या मजल्यावर म्हणे मी लाकडाचा कारखाना काढला आहे, तिसऱ्या मजल्यावर माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे आणि तळमजल्यावरच्या वॉचमनच्या मते मी घरात डुक्कर पाळलं आहे. तेव्हा एकदाच सगळं नीट सांगून टाकतो, म्हणजे जिन्यात अडवून "काय म्हणतंय तुमचं जनावर?" असं विचारणं तरी बंद होईल.

सुरुवात पंख्यापासून झाली. माझी मुलगी लांबच्या शहरात राहते. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिची मुलगी, म्हणजे माझी एकुलती एक नात, पहिलीत आहे. तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. कॉल लागला की पडद्यावर तिचं अर्धं कपाळ दिसतं, "हॅलो आजोबा जेवलात का मी बरी आहे बाय" एवढं एका दमात ऐकू येतं आणि फोन सोफ्यावर उताणा पडतो. सकाळच्या चहाच्या वेळी जेवण कुठलं, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत समोर फक्त त्यांच्या दिवाणखान्याचा पंखा असतो.

तो पंखा आता मला तोंडपाठ आहे. त्याच्या एका पात्याला ओरखडा आहे आणि वर कोळ्याचं जाळं आहे. मी हे मुलीला कळवलं तर म्हणाली, "बाबा, आमच्या घरातल्या चुका काढायला फोन करता का तुम्ही?" चुका कोण काढतंय? माणसाला पंखा दाखवला तर माणूस पंखाच बघणार. पण मनातून मला फार वाईट वाटायचं. हीच खारूताई तान्ही असताना माझ्या पोटावर झोपायची. आता तिच्या लेखी आजोबा म्हणजे सोफ्यावरून येणारा एक आवाज. तिनं फोनपाशी थोडा वेळ टिकावं, माझ्याशी चार वाक्यं बोलावी, एवढीच माझी इच्छा होती. यापलीकडे गेंड्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

गेंडा तिनंच आणला. एका रविवारी "बाय" म्हणायच्या आधी ती चुकून एक वाक्य जास्त बोलली. "वर्गात सगळ्यांकडे जोडायचा लाकडी हत्ती आहे, मला गेंडा पाहिजे, गेंडा कुणाकडेच नाही, बाय." पुढे पंखा.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मलनिःसारण विभागातून मुख्य आरेखक म्हणून मी निवृत्त झालो. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. अख्ख्या शहराचं सांडपाणी कुठून कुठे जातं, हे मी हातानं काढलं आणि पुढे साहेबांनी कॉम्प्युटर आणले तेव्हा कॉम्प्युटरवर काढलं. माझ्या नकाशाबाहेर एक थेंब कधी गेला नाही. इमारतीत मात्र मला 'गटारवाले काका' म्हणतात. असो. सांगायचा मुद्दा असा की ज्यानं शहराची गटारं काढली त्याला एक गेंडा काढता येऊ नये, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

मी कॉम्प्युटर उघडला. गेंड्याचे फोटो पाहिले, समोरून, बाजूनं, मागून. मागून पाहिलेला गेंडा कुणाला दाखवू नये. मग त्याचे काप पाडले: मधोमध कण्याची एक लांब फळी, तिच्यावर आडव्या फासळ्या, चार पाय आणि तीन फळ्यांचं मिळून डोकं. प्रत्येक भागाला खाच, आणि एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसली की झाला गेंडा. डिंक नको, खिळा नको. पडद्यावर मी माऊसनं भाग उचलून एकमेकांत बसवले तर असा बसला की विचारू नका. मी बायकोला हाक मारली.

"अगं, बघ तरी."

ती पदराला हात पुसत आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. कुत्रा?"

आमच्या संसाराची गाडी इतकी वर्षं कशी चालली असेल याची यावरून कल्पना यावी.

लेझरनं लाकूड कापून देणारा एक माणूस बाजारात आहे. घराच्या पाट्या, कीचेन आणि बक्षीस समारंभाच्या ढाली हा त्याचा मुख्य धंदा. मी त्याला पेन ड्राइव्ह दिला. त्यानं विचारलं, "काका, खाचा किती एमएमच्या?"

"तीन. प्लाय तीनचा आहे ना?"

"तीन म्हणजे तीनच्या आसपास."

"आसपास म्हणजे? तीन म्हणजे तीन."

"काका, लाकूड आहे ते. कधी जाड, कधी बारीक. आणि लेझर थोडं लाकूड जाळतो पण. खाच मोठी होते."

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. नकाशात तीन लिहिलं की ते तीनच असतं. नाहीतर शहरभर काय झालं असतं याचा त्यानं विचार करावा. तो खांदे उडवून कामाला लागला. मशीनमधून निळसर धूर निघाला, जळक्या लाकडाचा वास सुटला आणि थोड्या वेळानं गेंडा तुकड्यांच्या रूपात माझ्या पिशवीत पडला.

घरी जेवणाच्या टेबलावर मी तो जोडला. जोडला म्हणजे काय, भाग एकमेकांत आरामात गेले. फारच आरामात. शेवटचा पाय लावून मी हात काढला तर गेंड्यानं चारही पाय चार दिशांना पसरले आणि पोटावर झोपला. पुन्हा उभा केला, पुन्हा झोपला. फासळ्या खुळखुळत होत्या. बायको म्हणाली, "दमला असेल." मी तिला स्पष्ट सांगितलं, की नकाशात चूक नाही, प्लाय बारीक निघालाय. नकाशा चुकत नसतो.

तरी म्हटलं, खिळखिळा का होईना, पोरीला पाठवून देऊ. जावई जरा डिंक लावून देईल. खोक्यात भाग भरले आणि कुरिअरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "वस्तूचं नाव?"

"गेंडा."

आता मान वर आली. "जिवंत?"

"लाकडी. जोडलेला नाहीये, सुटे भाग आहेत."

"गेंड्याचे सुटे भाग," असं म्हणत तो लिहू लागला आणि थबकला. "काका, प्राण्यांचे अवयव आपण घेत नाही."

मी खोका उघडून दाखवला. मागे रांगेतली माणसं वाकून वाकून बघू लागली. त्यानं एक पाय हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "लाकूड असेल तर कीड नसल्याचा दाखला लागेल. जिथून आणलं तिथून."

मी पुन्हा कटिंगवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, मी फक्त कापतो. कीड माझ्याकडे नाही."

"मग तसंच लिहून द्या."

"कीड नाही असं लिहून दिलं तर लोकांना वाटेल आधी होती." आणि त्यानं एक ढाल कापायला घेतली.

संध्याकाळी मुलीला सगळं सांगितलं तर ती हसत सुटली. "बाबा, लाकूड कशाला पाठवताय? ड्रॉइंग पाठवा. इथे कापून घेते." मी जन्मभर नकाशे पाठवणारा माणूस, आणि ही गोष्ट मला सुचू नये! पण सरळ पाठवून भागेल तर ते काम कसलं? तिच्या शहरातला कटिंगवाला म्हणे फक्त एका संकेतस्थळावरूनच डिझाइन घ्यायचा. जगभरचे हौशी लोक आपापल्या लाकडी खेळण्यांचे नकाशे तिथे फुकट ठेवतात आणि कुणीही उतरवून घ्यावेत. "तिथे टाका बाबा, म्हणजे सगळ्यांनाच मिळेल," मुलगी म्हणाली. सगळ्यांना, हा शब्द ऐकून मला जरा बरं वाटलं, हे लपवत नाही. निवृत्तीनंतर माझा नकाशा कुणीही मागितला नव्हता.

ते संकेतस्थळ म्हणजे आमच्या विभागाचा सख्खा भाऊ निघाला. आधी नाव नोंदवा, मग वर्ग निवडा. प्राणी, वाहन, इमारत, इतर. प्राणी निवडला तर पाळीव की जंगली. जंगली निवडला तर 'लहान मुलांना टोचेल असा भाग आहे का?' अहो, गेंडा आहे तो! टोचेल असा भाग काढला तर बायको म्हणते तसा कुत्राच उरेल. शेवटी 'शिंगाचं टोक गोलसर आहे' असं लिहून दिलं. मग संकेतस्थळाच्या परीक्षकांचा निरोप आला: जोडून कसा दिसतो, त्याचा फोटो हवा. आता आली का पंचाईत! गेंड्याला मी डाळ-तांदळाच्या डब्यांच्या मध्ये चेपून उभा केला, मागून बायकोनं एका बोटानं त्याची शेपटाकडची बाजू धरली आणि मी श्वास रोखून फोटो काढला. फोटोत गेंडा फार रुबाबदार आला. खाली मी लिहिलं, 'डिंक नको, हत्यार नको, तासाभरात सहज जोडून होतो.'

सोबत जोडणीच्या सूचना दिल्या. त्या लिहिताना मात्र मला खरा आनंद झाला, कारण कितीतरी दिवसांनी हाताला वळण सापडलं. 'प्रस्तुत गेंड्याचा उक्त पाय नमूद खाचेत काटकोनात संलग्न करावा. संलग्न न झाल्यास सदर पाय पुनश्च तपासून पाहावा.' वगैरे.

गेंडा मंजूर झाला. मुलीनं तो तिकडे कापायला दिला आणि ठरलं, की पुढच्या रविवारी खारूताई तिकडे आणि मी इकडे, दोघांनी फोन समोर ठेवून एकाच वेळी गेंडा जोडायचा. तासभर! सबंध तासभर नात माझ्यासमोर बसणार होती. मी बायकोला दोनदा सांगितलं आणि ती दोन्ही वेळा "बरं" म्हणाली.

पण माझा गेंडा खुळखुळा. नातीसमोर त्यानं पाय पसरले असते तर काय शोभा झाली असती! तेव्हा मी गुपचूप कॉम्प्युटरवर खाचा जराशा अरुंद केल्या आणि कटिंगवाल्याकडून नवा संच कापून आणला. कटिंगवाल्याला मी कारण सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही, फक्त मिशीत हसला. दरम्यान त्याचा जुना प्लाय संपून नवा आला होता आणि तो निघाला जाड. म्हणजे खाच अरुंद, फळी जाड. आधीच्या गेंड्यात सगळं जात होतं, यात काहीही जाईना.

त्यात संकेतस्थळावर लोकांचे अभिप्राय सुरू झाले. कुठल्या कुठल्या देशांतले लोक, पण सगळ्यांचा प्रश्न एकच: 'बाण कुठे लावायचा?'

कसला बाण? मी माझाच नकाशा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. आमच्या विभागात उत्तर दिशेच्या बाणाशिवाय नकाशा साहेबांच्या टेबलावर जात नसे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बाण काढल्याशिवाय माझा हात थांबतच नाही. गेंड्याच्या नकाशातही मी सवयीनं बाण काढला होता, आणि लेझरला काय कळतं? त्यानं इमानेइतबारे बाणही कापला. मला वाटलं होतं ती कटिंगवाल्याची काहीतरी चकती उरलीय. मी ती चहाच्या कपाखाली ठेवत होतो. आता लोकांनी फोटो टाकले होते. एकानं बाणाची शेपटी केली होती. एकानं तो पाठीवर उभा लावला होता. एका बाईनं लिहिलं होतं, की बाण पोटाखाली बसवल्यावर गेंडा उभा राहतो, धन्यवाद. बाण काढून टाकावा म्हटलं तर दुरुस्तीसाठी पुन्हा परीक्षकांकडे जावं लागणार, पुन्हा फोटो, पुन्हा शिंगाचं टोक. मी कॉम्प्युटर बंद केला.

याच वेळी वरच्या मजल्यावरून मॅनेजर उतरले. हे बिस्किटांच्या फॅक्टरीत मॅनेजर होते आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या फॅक्टरीत आधीच मिळालेलं आहे. टेबलावर पसरलेले भाग त्यांनी पाहिले, एक फासळी दुसरीत दाबून पाहिली आणि म्हणाले, "कडक झालाय माल. आमच्या फॅक्टरीत असं झालं की वाफेवर धरायचो. तुम्ही सरळ पाण्यात भिजवा, मऊ पडेल."

"अहो, लाकूड पाण्यात फुगतं."

"तुम्ही गटारवाले. तुम्हाला पाण्याची भीती?"

हा टोमणा मला झोंबला. मी भाग बादलीत टाकले. ते फुगले. आता फळी इतकी जाड झाली की खाचेपाशी नेली तरी खाच दिसेना. मॅनेजर म्हणाले, "वाळवा मग." बायकोनं सगळे भाग गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून टांगले. खालून सेक्रेटरी ओरडले, "काका, हे काय टांगलंय? इमारतीच्या दर्शनी भागावर काही टांगायचं नाही असा ठराव आहे!"

"गेंडा वाळत घातलाय!" बायको वरून म्हणाली.

"वाळू दे म्हणावं," सेक्रेटरी कुणाला तरी सांगत होते, "गेंड्याची कातडी आहे, काय फरक पडणार." हे त्यांनी माझ्याबद्दल म्हटलं की गेंड्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

वाळल्यावर भागांना बाक आला. पॉलिश पेपरनं खाचा घासत मी रविवार गाठला. इतक्या दिवसांत जेवणाचं टेबल आम्हाला मिळालेलं नव्हतं. आम्ही नवरा-बायको मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो आणि ती ते रोज एकदा बोलून दाखवत होती.

रविवारी कॉल लागला. मुलीनं फोन टेबलावर नीट उभा करून ठेवला होता. पहिल्यांदाच मला खारूताई अख्खी दिसली. पुढचे दोन दात पडले होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आजोबा, आई वाचतेय ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. मुलगी मागून माझ्या सूचना वाचत होती आणि 'उक्त' या शब्दापाशी अडकली होती.

"अगं, चित्र बघून लाव," मी म्हटलं.

ती लावत सुटली. तिकडचा प्लाय माझ्या पहिल्या खाचांना नेमका भरला होता, ना सैल ना घट्ट. म्हणजे नकाशा चुकत नसतो, हे माझं म्हणणं खरंच होतं, फक्त दुसऱ्या शहरात. माझ्याकडे दुसरा पाय लागेपर्यंत तिच्याकडे डोकंसुद्धा बसलं. बाण तिनं हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि गेंड्याच्या कपाळावर, शिंगाच्या मागे, रोवला. "हे छोटं शिंग," ती म्हणाली. "झाला!"

गेंडा तिच्या तळहातावर ताठ उभा होता. फार सुंदर दिसत होता. झाला. तासाची गोष्ट चहा निवायच्या आत संपली. आता 'बाय' आणि पंखा. मी पंख्याची तयारी केली.

"आजोबा, तुमचा?"

"माझा... होतोय."

"दाखवा." मी फोन वळवला. टेबलावर कणा, दोन पाय आणि बाकीचा ढीग. तिनं डोळे बारीक केले. "आजोबा! तुम्ही पाय उलटे लावलेत. बोटं मागे आलीयेत."

खरंच आली होती. घासताघासता मी कधी उलटे धरले, देव जाणे. मी पाय काढले. "आता फासळी. ती नाही, मोठी. त्याच्या शेजारची. आजोबा, शेजारची म्हणजे या बाजूची!" तिनं तिचा गेंडा पुढे धरला आणि बोट लावून दाखवू लागली. मी दाबत होतो, फासळी जात नव्हती, मी घासत होतो आणि पोरगी तिकडून "जोर लावा, जोर लावा!" करत होती. एकदा मी जोर लावला तर फासळी उडून कपाटाखाली गेली. मी टेबलाखाली शिरलो आणि वर येताना डोकं आपटलं, तेव्हा ती इतकी हसली की तिच्या आईला येऊन बघावं लागलं. मग तिनं मला सांगितलं, की वर्गात एक मुलगा खडू खातो, नवीन बाई चष्मा हरवतात, आणि दात पडला तेव्हा रक्त आलं पण ती रडली नाही. हे सगळं मला फासळ्या बसवताना मधेमधे मिळालं. मी एकेक फासळी घासत होतो आणि ऐकत होतो.

डोकं काही बसलं नाही. तिकडे तिला जेवायला हाका आल्या. पहिली हाक तिनं ऐकलीच नाही, दुसरीला "थांब गं, आजोबांना येत नाहीये" म्हणाली. तिसऱ्या हाकेला मात्र उठावं लागलं. "पुढच्या रविवारी डोकं लावू. मी नसताना हात लावू नका, नाहीतर उलटं लावाल," असं बजावून गेली. 'बाय' म्हणायचं विसरली.

मी खुर्चीत बसून राहिलो. कोपरं दुखत होती, बोटांना कुसळं लागली होती आणि मुख्य आरेखकाला पहिलीतल्या पोरीनं पाय कुठला आणि फासळी कुठली ते शिकवलं होतं. बायकोनं माझं ताट आणून ठेवलं, मांडीवर.

आता खरं म्हणजे हात लावायचा नव्हता. पण आठवड्याच्या मधेच मॅनेजर उतरले. "अजून डोकं नाही? आमच्या फॅक्टरीत एवढा उशीर झाला असता तर..." असं काहीबाही बोलत त्यांनी गेंडा ताब्यात घेतला. बायको म्हणाली, "अहो, खाचेला मेणबत्ती घासा. खिडकी अडकते तेव्हा मी तेच करते." हे तिनं पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही मला कुठे विचारलंत? तुम्ही मला कुत्रा आहे का तेवढं सांगायला बोलावलंत." मॅनेजरांनी मेण घासलं, दात-ओठ खाऊन डोकं दाबलं आणि खट्ट! बसलं. गेंडा पूर्ण झाला. चार पायांवर उभा, मान ताठ. मॅनेजरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, स्वतःचं अभिनंदन केलं आणि सबंध इमारतीला सांगायला गेले. सेक्रेटरी बघायला आले. वॉचमन आला आणि म्हणाला, "अच्छा, डुक्कर नाही होय." बायकोनं टेबल पुसून घेतलं आणि आम्ही कितीतरी दिवसांनी टेबलावर जेवलो. गेंडा टीव्हीशेजारी जाऊन बसला. माझी गेलेली अब्रू परत आली होती, आणि मला काही केल्या आनंद होईना.

रविवारी सकाळी अंघोळ करून मी गेंड्यासमोर बसलो. बायको म्हणाली, "लावा ना फोन. दाखवा तिला. खूश होईल."

खूश होईल. टाळ्या वाजवील. म्हणेल "छान झाला आजोबा मी बरी आहे बाय."

मी गेंडा उचलून टेबलावर ठेवला आणि त्याचं डोकं ओढलं. निघेना. ज्या डोक्यानं आठवडाभर माझा जीव खाल्ला, ते आता जन्माचं चिकटल्यासारखं बसलं होतं. मी गेंडा गुडघ्यांत धरून ओढला, फडक्यात धरून ओढला. बायको दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता विचारेल, वेड लागलंय का. पण ती आत गेली, भाजीची बोथट सुरी घेऊन आली, माझ्या समोर बसली आणि तिनं मागचे पाय धरले. "हं, ओढा," म्हणाली. ती मागे, मी पुढे. खट्ट करून डोकं माझ्या हातात आलं, दोन फासळ्या आणि एक पाय तिच्या हातात. आणि फोन वाजला.

"आजोबा! हात नाही ना लावला?" खारूताई फोनला नाक लावून बसली होती. शेजारी तिचा दोन शिंगांचा गेंडा.

"छे गं. तसाच आहे. उलट जरा सुटलाच आहे. डोकं तर मुळीच बसत नाही."

तेवढ्यात दारातून मॅनेजर आत आले. त्यांच्यामागे त्यांचे साडू होते, त्यांना खास गेंडा दाखवायला आणलेलं. मॅनेजरांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बसत नाही? अहो, काय बोलताय? मी स्वतः माझ्या या हातांनी परवा..."

"चहा घेता ना?" बायको उठली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघराकडे वळवू लागली. "या, या, आत या. तुम्हीपण या भाऊ."

"पण वहिनी, डोकं बसलं होतं!"

"कोण आहे ते, आजोबा?" खारूताईनं विचारलं.

"वरचे मॅनेजर."

"त्यांना काही येतं का?"

स्वयंपाकघराच्या दारातून मॅनेजर माझ्याकडे पाहत होते. उद्या सबंध इमारतीत होणार होतं, की गटारवाल्या काकांनी जोडलेला गेंडा स्वतःच मोडला. दुसऱ्या मजल्याला नवा विषय मिळणार होता आणि तिसऱ्या मजल्याचं म्हणणं खरं ठरणार होतं.

"त्यांना नाही येत," मी म्हटलं. "मलाही नाही येत. तू सांग."

आणि मलनिःसारण विभागाच्या निवृत्त मुख्य आरेखकानं डोकं उचललं, नीट निरखून पाहिलं आणि शिंग खाली करून कण्यापाशी नेलं.

"आजोबा! उलटं धरलंय!" खारूताई ओरडली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.